‘त’ वरून ताकभात

ता. ११ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पावलं. गुडघा बरा आहे हे वाचून बरं वाटलं. उजवा की डावा, हे मात्र लिहिलं नाहीस. मागच्या पत्रात दोन्ही दुखत होते.

आता बातमी. आमच्या वाचनालयाला फेब्रुवारीत पन्नास वर्षं पूर्ण होतात, त्यानिमित्त कविसंमेलन ठेवलं आहे. कविता मागवल्या होत्या. त्रेपन्न आल्या, त्यातल्या अकरा निवडल्या, नववी माझी. ग्रंथपाल स्वतः माझ्या रबरी शिक्क्यांच्या दुकानात सांगायला आले तेव्हा मी गुरांच्या डॉक्टरांचा शिक्का कोरत होतो. ते म्हणाले अभिनंदन, मी मान हलवली. ते म्हणाले पाच मिनिटं मिळतील, मंचावर येऊन वाचायची आहे, मी पुन्हा मान हलवली. ते गेल्यावर लक्षात आलं की दुसऱ्या वेळी आडवी हलवायला हवी होती.

माझं घोडं कुठे अडतं हे तुला सांगायला नको. बाकी सगळ्या वर्णमालेशी माझं बरं आहे. एकटा ‘त’ शब्दाच्या सुरुवातीला आला की दार बंद, मग कितीही ढकला. म्हणून आयुष्यभर मी त्याला वळसा घालून जातो. दुकानात तेल हवं असेल तर बोट दाखवतो, तीन हवे असतील तर चार घेतो. घरी सौ.ला लग्नापासून ‘आपण’ म्हणतो, कारण ‘तू’ म्हणता येत नाही. शेजाऱ्यांना वाटतं, काय सुसंस्कृत जोडपं आहे. ग्रंथपालांनी विचारलं की कवितेकडे कसे वळलात. खरं उत्तर असं की एक शब्द अडला की त्याच्या बदली चार शोधावे लागतात, आणि माझ्याकडे असे बदली शब्द घरभर साठले आहेत.

पत्रात मात्र मी राजा आहे. इथे ताई लिहितो, तू लिहितो, वर तारीखही घालतो. तोंडाने तुला ताई म्हणून एकदाही हाक मारलेली नाही, ‘अगं’वरच भागवलं, हे मला अधूनमधून आठवतं.

कवितेत ‘त’ने सुरू होणारा एकही शब्द नाही, त्यामुळे ‘तू’ऐवजी ‘आपण’ आहे. निवड समितीने शेरा लिहिलाय की या ‘आपण’मधला आदरयुक्त दुरावा फार बोलका आहे.

सौ.चा नमस्कार. आहे तो लोभ जपून वापरावा, म्हणजे आपल्या दोघांना पुरेल.

तुझा,
धाकटा

*

ता. १७ जानेवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

उजवा.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि मग टेलिफोन एक्स्चेंजमधल्या माझ्या जुन्या मैत्रिणींना फोन करून वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, तुला भाऊ आहे हे आम्हाला माहीत होतं, पण तो काही करतो हे माहीत नव्हतं. मी त्यांना सांगितलं की या जिल्ह्यात कोणताही कागद मंजूर व्हायला माझ्या भावाच्या हातचा शिक्का लागतो.

आनंदाचं झालं, आता काळजीचं. वाचनालयाचा तो हॉल मी पाहिलाय. तीनशे खुर्च्या आहेत आणि माइक फार जुना आहे, तो मधेच शिट्टी मारतो. तुला आठवतं ना, शाळेत पोरं तुला ‘त त प प’ म्हणून चिडवायची. त्यातल्या एकाचा मी चांगला कान पिळला होता, नंतर कळलं तो दुसऱ्याच वर्गातला होता. बाईंनी प्रश्न विचारला की तू माझ्या वर्गाच्या खिडकीकडे बघायचास आणि मी तिथून उत्तर द्यायची. दुकानात तर तुला तोंड उघडावंच लागलं नाही. तू ‘त’ म्हणायच्या आत मी ताकभात ओळखायची.

म्हणून सुचवते. मी येऊन वाचू का? तू शेजारी उभा राहा, हातात कागद धर, लोकांना कळेल कवी कोण ते. अठ्ठावीस वर्षं एक्स्चेंजमध्ये बोलून पोट भरलंय, माझा आवाज माइक नसला तरी शेवटच्या खुर्चीपर्यंत जातो. कविता लवकर पाठव, म्हणजे पाठ करायला घेते.

मिठाच्या पाण्याने गुळण्या कर. माया आहेच, ती मागून घ्यायला लाजू नकोस.

तुझी,
ताई

*

ता. २४ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

गुळण्या सुरू केल्या आहेत. घशाला काही झालेलं नाही, पण तू सांगितलंस म्हणून.

वाचणार मीच. राग मानू नकोस. रोज संध्याकाळी दुकानाचं दार लोटून घेतो आणि गिऱ्हाइकांच्या बाकड्यासमोर उभा राहतो. सौ. दवाखान्यातून येता येता तिथे थांबते आणि नाडी मोजायचं घड्याळ हातात धरते. कविता पन्नास सेकंदांत होते, एकदाही अडखळत नाही. पण कविता संपल्यावर मला एक शब्द म्हणायचा आहे. ती कविता ज्याची त्याला देऊन टाकायची, एवढंच. तो शब्द ‘त’चाच आहे आणि त्याला बदली शब्द नाही. सगळं साठवणीतलं उपसून पाहिलं, अजून सापडलेला नाही. तिथे मी उभाच राहतो. परवा एक मिनिट वीस सेकंद उभा होतो, तेवढ्यात पोस्टमन आत येऊन पत्रं ठेवून गेला.

तो शब्द म्हणायचा म्हणूनच मी कविता पाठवली होती, हे आता तुला सांगून टाकतो. नाहीतर दुकानात काय वाईट चाललं होतं.

ताकभाताचं म्हणशील, तर तुझं ओळखणं दहातून आठ वेळा अगदी बरोबर असायचं. मी सध्या उरलेल्या दोन वेळांचा विचार करतो आहे. कविता पाठवत नाही. तू बावीस फेब्रुवारीला ऐकायला ये, नुसती ऐकायला.

डाव्या गुडघ्याचं कळव. लोभ ठेवावा, तो कुठे ठेवलाय हे विसरू नये.

तुझा,
धाकटा

*

ता. १० फेब्रुवारी

माननीय भगिनी यांस,
सा. न. वि. वि.

वाचनालयाची कार्यक्रमपत्रिका छापून आली. नवव्या क्रमांकावर माझ्या नावापुढे ‘वाचन : कवींच्या भगिनी’ असं आहे. ग्रंथपालांकडे चौकशी केली असता त्यांनी आपलं २९ जानेवारीचं पत्र दाखवलं. कवीला बोलण्याचा जन्मापासून त्रास असून तो भिडेपोटी नकार देऊ शकत नाही, तरी आपल्याला वाचनाची परवानगी मिळावी, असं आपण त्यात लिहिलं आहे. शुद्धलेखन निर्दोष आहे.

ग्रंथपाल ते पत्र घेऊन दुकानात आले आणि माझ्याशी फार मायेने बोलले. ते मोठ्याने आणि सावकाश बोलले. दुकानात त्या वेळी चार गिऱ्हाइकं होती.

वाचन मी स्वतः करणार आहे. आपण तसदी घेऊ नये.

कळावे.

आपला,
धाकटा बंधू

*

ता. १४ फेब्रुवारी

चि. सौ. सिस्टरबाईस,
अनेक आशीर्वाद.

मी नणंद असून तुला सिस्टर म्हणते आणि तू सिस्टर असून माझी भावजय आहेस, हा विनोद मी आज करणार नव्हते. पण सवयीने झाला.

तुझ्या नवऱ्याचं पत्र आलं. त्याने ‘शि.’ गाळलाय. माझ्यापुढे डोकं टेकवायचं नाही असं ठरवलंय बहुतेक. ते मी सोसलं असतं. पण त्याने मला ‘आपण’ म्हटलंय. तोंडाने तो मला ‘तू’ म्हणूच शकला नाही, ते मी कधी मनावर घेतलं नाही. कागदावर मात्र तो मला कायम ‘तू’ म्हणत आला. आता कागदावरही ‘आपण’ आलं. मी ते पत्र कपाटात ठेवलं, मग बाहेर काढून वाचलं, मग पुन्हा ठेवलं. दिवसभर दुसरं काम झालं नाही.

मी काय वाईट केलं ते मला कळत नाही, असं लिहिणार होते. पण ते खरं नाही. पत्र पेटीत टाकताना हात एकदा मागे आला होता. मग मला तो तीनशे लोकांसमोर ‘त’वर उभा असलेला दिसला आणि मी पत्र टाकून मोकळी झाले. त्याचा तो अडलेला शब्दही मी शोधून काढला. ‘तात्पर्य’ असणार. कवितेच्या शेवटी तात्पर्य कशाला सांगायचं, म्हणावं गाळून टाक.

मी बावीस तारखेला यावं की न यावं? तू सांगशील तसं करीन. हे वाक्य मी आजवर कुणाला लिहिलेलं नाही.

तुझी,
वन्सं

*

ता. १७ फेब्रुवारी

ती. वन्संना,
शि. सा. न. वि. वि.

या. पण मी सांगते तसं या.

यांचा राग तुम्ही पाहिलेला नाही, कारण तो तोंडावाटे बाहेर पडत नाही, हातात उतरतो. पत्रिका हातात पडली त्या दुपारी यांनी रबराचा तुकडा घेतला आणि ‘कवी स्वतः वाचणार’ असा शिक्का कोरला. मग वाचनालयात जाऊन पत्रिकांच्या गठ्ठ्यावर ठोकायला बसले. चाळीस झाल्यावर ग्रंथपालांनी हळूच दाखवलं की अक्षरं उलटी उमटतायत. शिक्क्यात अक्षर उलटं कोरायचं असतं, हे यांना झोपेतही चुकत नाही. रागात सरळ कोरलं. यांनी त्या चाळीसांकडे पाहिलं, घरी येऊन नवा शिक्का केला आणि उरलेल्यांवर मारून आले. उलट्यातली एक पत्रिका सोबत पाठवते आहे. आरशासमोर धरा म्हणजे वाचता येईल.

आता माझं ऐका. आमची पहिली भेट तुम्हाला आठवत असेल. मी यांना जे जे विचारलं त्याची उत्तरं तुम्ही दिलीत. पोहता येतं का, यालासुद्धा तुम्ही हो म्हणालात. लग्नानंतर कळलं, यांना पाण्याची भीती वाटते. तुम्ही शेजारी असलात की हे तुमच्याकडे बघतात, यांनी बघितलं की तुम्ही बोलता. दोघांचाही दोष नाही, सांध्याला तसं वळणच पडलंय. दवाखान्यात प्लास्टर काढल्यावर आम्ही पेशंटला चालायला लावतो, तेव्हा नातेवाइकांना बाहेर बसवतो. ते फार प्रेमाने उचलून घेतात म्हणून.

शेवटच्या रांगेत बसा. हात मांडीवर, ओठ मिटलेले. कितीही वेळ लागला तरी.

आणि तो शब्द ‘तात्पर्य’ नाही. मला माहीत आहे. सांगणार नाही.

आपली,
सिस्टर

*

ता. २३ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

काल मी आले होते, शेवटची बस धरायची म्हणून न भेटता निघाले. बसचं निमित्त खरं आहे, पण मला चालत जायचं असतं तरी न भेटताच निघाले असते. का, ते खाली येईल.

मी शेवटच्या रांगेत, खांबामागे बसले होते. तुझ्या आधी ते बँकेतले निवृत्त साहेब एकोणीस मिनिटं वाचत होते. कवितेत ते चांदण्या मोजत होते आणि शेवटपर्यंत मोजणी पूर्ण झाली नाही. अध्यक्षांचे डोळे मिटले होते, ते चिंतन करत होते असं समजू. मग सूत्रसंचालकाने पत्रिका उचलली. त्याच्या हातात नेमकी तुझ्या उलट्या शिक्क्याची पत्रिका होती. त्याने ती डोळ्यांपासून लांब धरली, मग उलटी करून पाहिली, आणि शेवटी जे सरळ छापलं होतं तेच वाचलं. तुझं नाव घेऊन म्हणाला, वाचन करतील कवींच्या भगिनी, त्यांनी कृपया मंचावर यावं.

तू तेव्हा पायऱ्या चढून माइकपाशी पोचला होतास. सगळे माना वळवून भगिनी शोधायला लागले. त्याने दुसऱ्यांदा पुकारलं. माझ्या पुढच्या रांगेतल्या बाईंनी मला विचारलं, तुम्हीच का? धाकट्या, तुला मी दिसले. तू नेहमीसारखं माझ्याकडे बघितलंस. खिडकीकडे बघायचास तसंच, अगदी तसंच. माझा उजवा गुडघा उठायला निघाला होता. मी दोन्ही हात मांडीखाली घातले, त्यांच्यावर बसले आणि त्या बाईंना म्हणाले, छे, मी नाही.

माझ्या आयुष्यातलं सगळ्यात कठीण खोटं ते. मग मी खाली मान घातली. मला वाटलं, मी पोराला पाण्यात सोडून दिलं, आणि त्याला पोहता येत नाही हे मला तीनच दिवसांपूर्वी कळलंय.

माइकने शिट्टी मारली आणि तू वाचायला लागलास. एकदा ऐकलेलं मी विसरत नाही, ती एक्स्चेंजची खोड आहे. बरोबर लिहिते का बघ.

मला हिरवी हवी होती.
आपण पुढे झालात,
निळी मागितलीत.

घरी येऊन मी
निळ्या पेन्सिलीने झाड काढलं.
बाईंनी विचारलं, झाड निळं का?
उत्तर आपणच दिलंत :
याला निळंच आवडतं.

अजूनही कुणी विचारलं
आवडीचा रंग कोणता,
मी निळा म्हणून बसतो
आणि घरी येऊन आठवतं.

झाड अजून आहे.
निळंच आहे.
आपण दिलेला रंग
मी एकदाही खोडला नाही.

मला ती दुपार आठवली. दुकानाच्या काउंटरपाशी तू ‘हि’ म्हणालास की नाही ते आठवत नाही. ‘ह’ला तर तू अडतही नव्हतास. मी थांबलेच नाही, मला निळी आवडायची. दहातून दोन वेळा म्हणालास ना, मी रात्रभर मोजत बसले. दोनापेक्षा जास्त असणार, तू भीड ठेवली आहेस. मला लाज वाटली, म्हणून मी न भेटता निघाले. झालं लिहून.

आता एक विचारायचं आहे. कविता संपल्यावर तू कागद खाली केलास आणि उभा राहिलास. सगळा हॉल गप्प होता. लोकांना वाटलं परिणामासाठी थांबलाय. तुझी हनुवटी पुढे आली, ती मला ओळखीची आहे. मी ओठ इतके घट्ट मिटले की दात दुखले. मग कुणीतरी टाळ्या सुरू केल्या, सगळ्या हॉलने वाजवल्या आणि नेमक्या त्या टाळ्यांत तुझं तोंड उघडलं. तू काहीतरी म्हणालास. कुणालाच ऐकू गेलं नाही, मलाही नाही.

मला अंदाज आहे. पण ‘त’वरून मी या वेळी काहीही ओळखणार नाही. तूच सांग.

सोबत पेन्सिली पाठवते. दुकानात गेले आणि सवयीने तोंडातून ‘निळी’ गेलं. घरी येऊन पुडी उघडली, परत गेले, बदलून आणल्या.

माझ्या मायेचा त्रास होत असेल तर कळवत जा, कमी करणार नाही, पण बाजूला बसवीन.

तुझी,
ताई

*

ता. १ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पेन्सिली मिळाल्या. तीन आहेत. आयुष्यात पहिल्यांदाच माझ्याकडे कशाचे तरी तीन नग आले.

कविता बरोबर लिहिली आहेस. भीड ठेवली, हेही खरं. आकडा चारच्या आसपास जाईल. पण उरलेल्या सहा वेळी मला जे हवं होतं तेच मिळालं, आणि ते मला माझ्या तोंडाने कधीच मिळालं नसतं. हे कवितेत बसलं नाही, म्हणून इथे लिहितो. मागच्या पत्रात मी तुला ‘आपण’ लिहिलं. तो शब्द मी अडचणीसाठी ठेवलेला आहे, तुला मारायला वापरायला नको होता. चुकलो.

सूत्रसंचालकाने तुला पुकारलं तेव्हा मी तुझ्याकडे पाहिलं, ते तू यावंस म्हणून नव्हे. तू येशील या भीतीने. आणि तू खाली मान घातलीस. ताई, मला त्या क्षणी एकदम फार एकटं वाटलं आणि मग फार मोकळं वाटलं. अध्यक्षांनी नंतर माझं कौतुक केलं. ते म्हणाले, कवितेनंतरची ती शांतता तुम्ही छान बसवली आहे. मी मान हलवली.

सौ.च्या घड्याळाप्रमाणे एकेचाळीस सेकंद लागले. शब्द ‘ताई’ होता. मी तो म्हटला. पूर्ण म्हटला, ‘ई’सकट. फक्त टाळ्यांमुळे तो मलासुद्धा ऐकू आला नाही, त्यामुळे माझ्या हिशेबी तो अजून झालेला नाही.

अठ्ठावीस वर्षं तू जगाचे फोन जोडून दिलेस आणि तुझ्या भावाने तुला एकदाही फोन केला नाही. नऊ मार्चला, रविवारी सकाळी दहा वाजता, तुझा फोन वाजेल. उचल आणि काही बोलू नकोस. हॅलोसुद्धा नको. पलीकडून बराच वेळ काही ऐकू येणार नाही. लाइन खराब आहे असं समजू नकोस, आणि शब्द कोणता ते आता तुला माहीत आहे म्हणून माझ्या आधी म्हणून टाकू नकोस.

सौ. घड्याळ घेऊन शेजारी बसणार होती. मी तिला बाहेर बसायला सांगितलं आहे.

लोभ आहे, ऐकू येईपर्यंत धीर धरावा.

तुझा,
धाकटा

ता. क. एकेचाळीस सेकंदांच्या वर गेलं तरी फोन ठेवू नकोस. मी तिथेच असेन.